कॉक्लिअर इम्प्लांट आणि संगीत : एका घाईच्या निष्कर्षाचा प्रतिवाद

कॉक्लिअर इम्प्लांट बोलणे ऐकण्यासाठी आहे, गाणे ऐकण्यासाठी नाही, हे विधान शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात आणि पालकांच्या आपसांतल्या बोलण्यात वरचेवर ऐकायला मिळते. त्याचा अर्धा भाग बरोबर आहे. हे यंत्र बोलणे समजावे म्हणूनच घडवले गेले आणि सुराच्या बाबतीत ते खरोखर तोकडे पडते. चूक आहे ती त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षात. इम्प्लांट झालेल्या माणसाने संगीताची आशा सोडावी, मुलासमोर गाण्यात वेळ घालवू नये, थेरपीच्या आराखड्यात संगीताला जागा ठेवू नये, असे त्यातून ठरवले जाते. हा निष्कर्ष यंत्राच्या रचनेतून निघत नाही आणि प्रयोगांतूनही निघत नाही. त्याची झळ मात्र ऐकण्यासाठी आधीच एवढा खटाटोप कराव्या लागणाऱ्या माणसांनाच बसते.

निरोगी कानातला कॉक्लिया, म्हणजे अंतर्कर्णातली शंखाच्या आकाराची नलिका, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. तिच्या बुडाशी उंच आवाज ओळखले जातात आणि टोकाशी खर्जातले. आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केसपेशी कंपनांचे संदेशात रूपांतर करतात आणि सुमारे ३०,००० चेतातंतू ते संदेश पुढे नेतात. तीव्र बहिरेपणात बहुधा या केसपेशी निकामी झालेल्या असतात, चेतातंतू बऱ्याच प्रमाणात शिल्लक असतात. इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट तंतूंना विजेचे ठोके देते. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, कंप्रतेनुसार त्याचे पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातली तीव्रता क्षणोक्षणी मोजतो आणि कॉइलमार्फत त्वचेखालच्या भागाला कळवतो. तिथून कॉक्लियात सरकवलेल्या बारीक तारेवरच्या इलेक्ट्रोडांपर्यंत ठोके पोचतात. प्रमुख कंपन्यांच्या यंत्रांत १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. नलिकेतल्या द्रवातून वीज आजूबाजूला पसरते, शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या हद्दीत शिरतात, आणि बहुतेकांना प्रत्यक्षात आठ-दहा स्वतंत्र मार्गांइतकाच उपयोग होतो.

बोलण्याला तेवढे पुरते. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की बोलण्यातली सारी बारीक कंप्रता पुसून टाकली आणि चारच पट्ट्यांतला चढउतार शिल्लक ठेवला, तरी शांत खोलीत वाक्ये जवळजवळ पूर्ण समजतात. २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या झॅकरी स्मिथ, बर्ट्रांड देलगूत आणि अँड्र्यू ऑक्सनहॅम यांच्या प्रयोगाने याची दुसरी बाजू पुढे आणली. त्यांनी एका आवाजाच्या तीव्रतेचा चढउतार दुसऱ्या आवाजाच्या सूक्ष्म कंपनांवर चढवला. ऐकणाऱ्यांना शब्द ऐकू आले ते चढउताराचे, आणि चाल ऐकू आली ती सूक्ष्म कंपनांची. ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या आणि आजही अनेक यंत्रांचा पाया असलेल्या संकेतनपद्धतीत नेमका चढउतार जपला जातो आणि सूक्ष्म कंपने गाळली जातात. बोल पोचतात आणि चाल अडते, त्याचे मूळ कारण हे आहे.

हे नुकसान किती आहे ते सप्तकावर मांडून पाहिले की नीट कळते. बऱ्याच प्रचलित यंत्रांत पट्ट्यांची मांडणी १८८ हर्ट्झपासून सुरू होते आणि ८,००० हर्ट्झच्या थोडी अलीकडे संपते. त्यातला पहिला इलेक्ट्रोड १८८ ते ३१३ हर्ट्झ एवढा भाग सांभाळतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तार षड्ज सुमारे २७७ वर. म्हणजे षड्जापासून शुद्ध मध्यमापर्यंतचे मूळ नाद यंत्राच्या खालच्या सीमेबाहेर राहतात आणि तीव्र मध्यमापासून तार षड्जापर्यंतचे सगळे स्वर एकाच इलेक्ट्रोडच्या वाट्याला येतात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचे मध्य सप्तक सुमारे २३३ ते ४६६ हर्ट्झ, म्हणजे तीन इलेक्ट्रोडांवर उरकते. वरचे स्वरांश इतर इलेक्ट्रोडांवर पडतात आणि तिथून काही सुगावा मिळतो. ठोक्यांच्या वेगावरूनही स्वराची उंची कळू शकते, पण बहुतेकांच्या बाबतीत ती क्षमता ३०० हर्ट्झच्या आसपास संपते. २२ इलेक्ट्रोड आणि २२ श्रुती यांच्या आकड्यांतल्या साम्यात त्यामुळे काहीही अर्थ नाही. श्रुतीभेद तर दूरच, कोमल आणि शुद्ध गंधार वेगळे ठेवणेही या मांडणीला जड जाते.

तीव्रतेचेही असेच आहे. निरोगी कान अगदी मंद कुजबुजीपासून वेदना होईल इतक्या मोठ्या आवाजापर्यंत सुमारे १२० डेसिबलचा आवाका पेलतो. विजेच्या ठोक्यांना मिळणारा आवाका १० ते २० डेसिबलच असतो. म्हणून प्रोसेसर सगळा आवाज दाबून त्या अरुंद जागेत बसवतो. तबल्याची जोरदार थाप पडली की ही दाबण्याची यंत्रणा जागी होते आणि तिच्यासोबत गायकाचा आवाजही क्षणभर खाली जातो. पूर्वी ऐकू येत असलेल्या आणि नंतर बहिरेपण आलेल्या कित्येकांनी, इम्प्लांटनंतर संगीत पूर्वीसारखे लागत नाही, नकोसे वाटते, असे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत सांगितले आहे. ही तक्रार खरी आहे आणि तिच्यातले दुःखही खरे आहे. संगीताची बाजू घेणाऱ्याने ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो एवढ्यावरून काय ठरते याचा. ‘संगीत नाही’ म्हणणाऱ्यांचा मुख्य भर चाचण्यांतल्या गुणांवर असतो. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या आणि बरीच वापरल्या गेलेल्या एका चाचणीचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत : ओळखीच्या चाली इम्प्लांटधारकांना सरासरी सुमारे २५ टक्के ओळखता आल्या आणि वाद्ये सुमारे ४५ टक्के. चांगले ऐकू येणाऱ्यांची दोन्ही बाबतींतली कामगिरी ९० टक्क्यांच्या आसपास होती. पण या चाचणीतल्या चाली शब्दांशिवाय, कृत्रिम आवाजात आणि सगळे स्वर सारख्या लांबीचे करून वाजवलेल्या असतात. शब्द काढले, ताल काढला, गळ्याचा पोत काढला, कारण संशोधकांना फक्त स्वराची उंची तपासायची होती. त्या कामासाठी ही चाचणी योग्यच आहे. गाण्याचा आनंद मिळतो की नाही हे मात्र तिने विचारलेलेच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या गुणपत्रिकेतून काढता येत नाही.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा सरासरीच्या मागे दडून राहतो. स्वर वर गेला की खाली हे कळण्यासाठी लागणारे किमान अंतर सरासरी ३ अर्धस्वर निघाले, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या. पण काही इम्प्लांटधारकांना एका पट्टीहूनही कमी फरक कळत होता आणि काहींना आठ पट्ट्या लागत होत्या. एवढी तफावत असताना समोर बसलेल्या माणसाला सरासरी सांगून वाटेला लावणे वैद्यकीयदृष्ट्या तरी कितपत योग्य आहे? त्याच्या चेतातंतूंची स्थिती, तार किती खोल गेली आहे, बहिरेपण किती वर्षांचे, पूर्वी गाण्याशी किती संबंध होता, या सगळ्यांवर निकाल बदलतो.

शिवाय अचूकता आणि आवड यांचा संबंध जोडताना मोठी गल्लत होते. आयोवा विद्यापीठात केट ग्फेलर यांनी इम्प्लांट आणि संगीत या विषयावर अनेक वर्षे काम केले. चाल अचूक ओळखणे आणि संगीत आवडणे यांचा परस्परसंबंध फार दुबळा आहे, असे त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून पुढे आले. चाली चांगल्या ओळखूनही संगीत नकोसे वाटणारे लोक आहेत, आणि चाली न ओळखताही रोज आवडीने ऐकणारे आहेत. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. चांगले ऐकू येणाऱ्या रसिकांपैकीही कितीतरी जणांना राग ओळखता येत नाही, उतरलेला स्वर कळत नाही, आणि तरी मैफल त्यांची असते. त्यांच्या आनंदासाठी कोणी परीक्षा घेत नाही. इम्प्लांटधारकाच्या आनंदाला मात्र आधी गुण मिळवण्याची अट घातली जाते, हा अन्याय आहे.

इम्प्लांटमधून असे ऐकू येते म्हणून फिरणारी ध्वनिमुद्रणे हा ‘संगीत नाही’ म्हणणाऱ्यांचा दुसरा आधार. त्यांत गाणे खरखरीत, घोगरे, जवळजवळ ओळखू न येणारे लागते, आणि ती ऐकून नातेवाईक हबकतात. ही मुद्रणे वोकोडर नावाच्या पद्धतीने तयार होतात. किती माहिती पोचते आणि किती गळते याचा अंदाज घेण्यासाठी प्रयोगशाळेने बनवलेले हे साधन आहे. माणसाला काय जाणवते याचे ते छायाचित्र नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या मायकल डॉर्मन यांनी याची थेट पडताळणी केली. एका कानाने नीट ऐकू येणारे आणि दुसऱ्या कानात इम्प्लांट असलेले लोक त्यांनी निवडले आणि इम्प्लांटमधल्या आवाजाशी जुळणारा आवाज चांगल्या कानाला शोधून द्यायला सांगितले. वोकोडरचा खरखराट त्यांना जुळता वाटला नाही. थोडा दबका, थोडा वरच्या पट्टीत सरकलेला, पण माणसाचाच वाटणारा आवाज त्याहून बराच जवळचा ठरला. त्यात आणखी एक गोष्ट मोजायची राहते : मुद्रण ऐकणारा मिनिटभर ऐकतो, इम्प्लांटधारकाचा मेंदू महिनोन्‌महिने त्याच संदेशांतून अर्थ लावायला शिकत असतो.

संगीत म्हणजे फक्त स्वराची उंची, हे गृहीतच मुळात अपुरे आहे. ताल इम्प्लांटमधून जवळजवळ शाबूत पोचतो. तालाच्या चाचण्यांत इम्प्लांटधारक चांगले ऐकू येणाऱ्यांच्या बरोबरीला किंवा अगदी जवळ येतात, कारण कालमापन हे या यंत्राचे बलस्थान आहे. आघाताची सुरुवात स्पष्ट कळते, म्हणून छेडलेले किंवा ठोकलेले वाद्य आणि फुंकलेले किंवा गजाने वाजवलेले वाद्य यांतला फरक सहसा समजतो. शब्द पोचतात. हिंदुस्थानी आणि मराठी संगीताच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण या परंपरेत ताल आणि शब्द यांचा वाटा थोरला आहे. तबल्याचे बोल आधी तोंडाने पढायचे आणि मग हाताने वाजवायचे, ही तालमीची जुनी रीत इम्प्लांटधारकाला जणू आयती मिळालेली आहे : ज्या मार्गाने त्याला बोलणे समजते त्याच मार्गाने कायदा आणि तुकडा समजू शकतो. ना आणि तिरकिटसारखे तीक्ष्ण सुरुवातीचे बोल ठळक येतात. डग्ग्याचा खोल नाद प्रोसेसरच्या खालच्या सीमेखाली जातो आणि त्यावरची मींड बरीचशी हरवते. खालीत डग्गा बंद होतो तेव्हाचा रिकामेपणा त्यामुळे कमी जाणवतो. पण मात्रा चुकत नाही आणि समेवर येण्याचे सुख अबाधित राहते.

कोणते संगीत कितपत पोचेल याचा अंदाजही त्यामुळे बांधता येतो. एकच आवाज, पुढे असलेले शब्द आणि मोजकी साथ, अशी रचना सर्वांत सोयीची. बेल्जियममध्ये विम बायन्स आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांटधारकांच्या हाती गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक देऊन आवडीप्रमाणे मिश्रण करायला सांगितले, तेव्हा त्यांनी गायकाचा आवाज वाद्यांहून बराच वर ठेवणे पसंत केले. मराठी भावगीताची घडण मुळातच अशी आहे. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेली गीतरामायणातली ५६ गीते घ्या : ग. दि. माडगूळकरांचे शब्द स्पष्ट लागावेत अशाच बेताने सुधीर फडके यांनी साथ ठेवली आहे. उतारवयात बहिरेपण आलेल्या मराठी माणसाच्या स्मरणात ती आधीच पक्की असतात, आणि स्मरण हा इथे मोठा मदतनीस आहे. शब्द कळला की मेंदू त्याला जोडलेली चाल आपल्या साठ्यातून पुरवतो. अभंगातही हे घडते, फक्त टाळांचा गजर शब्दांवर चढू नये. सर्वांत अवघड आहे ती रागाची आलापी. तिथे शब्द नाहीत, ठेका नाही, सगळा अर्थ मींड आणि श्रुती यांत आहे. ती पोचत नाही किंवा फार अर्धवट पोचते, हे मान्य करावे लागेल. पण आलापी पोचत नाही म्हणून बंदिश, लावणी, पोवाडा आणि नाट्यगीतही बाद ठरवायचे, याला काही आधार नाही.

ऐकणे शिकता येते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. लॉस एंजेलिसमध्ये जॉन गॅल्व्हिन आणि छिएन-जी फू यांनी २००७ मध्ये पाच स्वरांच्या नऊ आकृती वापरल्या : चढती, उतरती, सपाट, चढून उतरणारी वगैरे. सुरुवातीला स्वरांतले अंतर मोठे, मग सराव वाढेल तसे कमी. सरावानंतर आकृती ओळखण्यात सुधारणा झाली आणि तिचा उपयोग ओळखीच्या चाली ओळखतानाही दिसला. असाच सराव पेटीवर घरी करता येतो, सा आणि तार सा यांच्यापासून सुरू करून अंतर कमी करत आणत. बोटाखालची पट्टी दिसते आणि हाताला कळते, त्यामुळे कानाला आधार मिळतो. स्वतः वादक असलेल्या आणि पुढे इम्प्लांट झालेल्या रिचर्ड रीड यांनी अमेरिकेत याच हेतूने संगीत ऐकण्याचा एक पाठ्यक्रम रचला.

मायकल कोरोस्ट यांचे उदाहरण याच संदर्भात वाचण्यासारखे आहे. लहानपणापासून श्रवणयंत्र वापरणाऱ्या या अमेरिकन लेखकाचे उरलेले ऐकणे २००१ मध्ये अचानक गेले. राव्हेलचे १९२८ मधले ‘बोलेरो’ ही त्यांची किशोरवयापासूनची आवड. इम्प्लांटमधून ते सुरुवातीला सपाट, ओळखू न येणारे लागले. यंत्र तेच ठेवून, दोन इलेक्ट्रोडांमध्ये वीज विभागून मधल्या जागा चेतवणारी नवी संगणकप्रणाली मिळाल्यावर ते पुष्कळ अंशी परत मिळाले, असे त्यांनी २००५ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात लिहिले. सगळे परत मिळाले, असा दावा त्यांनी केला नाही. निवड मात्र नेमकी होती : बोलेरोत ताशाच्या जातीच्या लहान ढोलाचा एकच ठेका आरंभापासून अखेरपर्यंत चालतो आणि त्याच दोन धुना वेगवेगळ्या वाद्यांवर पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे कानाला पकड मिळते. एका माणसाच्या अनुभवावरून नियम होत नाही, पण ‘अशक्य’ हा शब्द खोडायला एकच खरे उदाहरण पुरते.

मुलांच्या बाबतीत या निष्कर्षाची हानी सर्वांत मोठी आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाकडे पूर्वीच्या ऐकण्याची आठवण नसते, तुलनाही नसते. इम्प्लांटमधून येते तेच त्याच्यासाठी संगीत असते. ही मुले नाचतात, गातात, गाणे पुन्हा लावायला सांगतात. कॅनडात सँड्रा ट्रेहब आणि सहकाऱ्यांना आढळले की अशी मुले आवडती गाणी मूळ ध्वनिमुद्रणावरून ओळखतात, नुसत्या चालीवरून ओळखू शकत नाहीत. म्हणजे त्यांना हवे असते ते संपूर्ण गाणे. हेलसिंकीत रित्वा तोर्पा यांच्या अभ्यासांत घरी गाणे होत असलेल्या, स्वतः गाणाऱ्या इम्प्लांटधारक मुलांची आवाजातल्या बदलांकडे लक्ष देण्याची क्षमता आणि गोंगाटात बोलणे समजण्याची क्षमता इतरांपेक्षा चांगली आढळली. तेव्हा गाण्यात वेळ घालवला तर बोलण्याची थेरपी मागे पडेल, या भीतीला आधार उरत नाही. बडबडगीत, अंगाई, हातवाऱ्यांची गाणी यांत शब्द, ताल, पुनरावृत्ती आणि आईचा चेहरा एकत्र असतात. भाषा शिकवण्यासाठी थेरपिस्ट ज्या गोष्टी मुद्दाम जुळवून आणतात त्या इथे आपोआप जुळलेल्या असतात. ‘त्याला काय कळणार’ म्हणून घरात गाणे थांबवणे हे नुकसान यंत्राने केलेले नसते.

संगीत वाईट लागण्यामागे कित्येकदा यंत्राची मर्यादा नसून त्याचे सेटिंग असते, आणि ते बदलता येते. गोंगाट कमी करणारी सोय सलग, न बदलणाऱ्या आवाजाला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबते. तानपुरा म्हणजे नेमका असा आवाज. समोरच्या दिशेला झुकलेला मायक्रोफोन बाजूच्या साथीदारांना मागे ढकलतो. म्हणून मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसरचे सेटिंग जुळवण्याच्या, वेळी ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागून घ्यावा : गोंगाट कमी करणारी सोय बंद, मायक्रोफोन सर्व दिशांचा, तीव्रतेचा आवाका शक्य तितका मोठा. मोबाइलमधून थेट प्रोसेसरकडे आवाज पाठवला की खोलीतला घुमारा टळतो. मोठ्या सभागृहापेक्षा घरगुती बैठक बरी. ही सारी माहिती मिनिटांत सांगण्यासारखी आहे. संगीत नाहीच असे एकदा ठरवले की ती सांगायची राहून जाते.

याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या, म्हणजे इम्प्लांट नसलेल्या, कानाची. बऱ्याच जणांत खालच्या कंप्रतांचे थोडे ऐकणे शिल्लक असते. त्याने बोलणे समजत नाही म्हणून ते निरुपयोगी मानले जाते. २००५ मध्ये यिंग-यी काँग, जिंजर स्टिकनी आणि फॅन-गँग झेंग यांनी दाखवले की एकट्या श्रवणयंत्राने शब्द कळत नसतानाही चाल ओळखण्यात तोच कान इम्प्लांटपेक्षा सरस ठरतो. इम्प्लांट शब्द आणि ताल देते, श्रवणयंत्र सूर देते. फ्रँकफर्टमध्ये क्रिस्टोफ फॉन इल्बर्ग यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर एकाच कानात तार हलक्या हाताने बसवून उरलेले ऐकणे जपले जाते आणि वीज व ध्वनी दोन्ही एकत्र वापरले जातात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते. २०१४ पासूनच्या नियमांत ही मर्यादा ६ लाख रुपयांची होती, त्यात मॅपिंग आणि थेरपीही धरलेली आहे, आणि योजनेचे काम मुंबईतल्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते. इम्प्लांट एका कानाला मिळते. दुसऱ्या कानाचे श्रवणयंत्र चालू ठेवायचे की पेटीत टाकायचे, हा निर्णय संगीताचा विचार करून घेतला तर वेगळा पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी कोणी गाण्याविषयी विचारलेच नाही तर तो विचार होत नाही.

याच्या उलट टोकाचे विधानही तितकेच घातक आहे. इम्प्लांट लावले की पहिल्या दिवशी आवडते गाणे ऐकू येते आणि डोळ्यांत पाणी येते, अशी चित्रफीत पाहून आलेला माणूस स्विच ऑननंतर, म्हणजे यंत्र प्रथम चालू केल्यावर, खचतो. सुरुवातीचे आवाज बहुधा यांत्रिक, किरकिरे लागतात, बोलणे जुळायलाच काही महिने जातात, संगीताला त्याहून अधिक. तालीम घेतलेल्या संगीतकाराचा तोटा सर्वांत मोठा असतो, कारण त्याला काय हरवले ते तंतोतंत कळते. त्याला सामान्य रसिकाची आकडेवारी सांगून समाधान होणार नाही. काहींना प्रयत्नांनंतरही संगीत आवडत नाही. तो त्यांचा निर्णय आहे आणि त्यांच्यावर सराव लादू नये. आशा सोडायला सांगणारे आणि चमत्कार विकणारे, दोघेही माणसाला त्याचे स्वतःचे मोजमाप करू देत नाहीत.

संगीत या क्षेत्राला परके नव्हतेच. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला बहुइलेक्ट्रोड यंत्र बसवलेले पहिले रुग्ण रॉड सॉन्डर्स यांना सुरुवातीच्या चाचण्यांत राष्ट्रगीत ऐकवले गेले, तेव्हा ते उठून उभे राहिले. त्याच शहरात २०११ मध्ये इम्प्लांटच्या श्रोत्यांसाठी मुद्दाम रचलेल्या कृतींची मैफल झाली. म्युनिकमध्ये तयार झालेली संगीत-प्रश्नावली चाली ओळखायला लावत नाही. माणूस किती ऐकतो, काय ऐकतो, कशासाठी ऐकतो, बहिरेपणापूर्वी आणि इम्प्लांटनंतर त्यात काय बदलले, हे विचारते. प्रत्येक मॅपिंगच्या भेटीत असे प्रश्न विचारण्याला वेळ थोडा लागतो आणि खर्च नाही. मराठीत ही प्रश्नावली वापरताना पियानो आणि ऑर्केस्ट्राचे प्रश्न नुसते भाषांतरित करून भागणार नाही. भजन, भावगीत, लावणी, नाट्यगीत, चित्रपटगीत, तबल्याचे आणि ढोलकीचे बोल, गणपतीतले ढोल-ताशे, यांविषयी वेगवेगळे प्रश्न त्यात घालावे लागतील, आणि मुलांसाठी शाळेतल्या प्रार्थनेविषयी आणि घरातल्या बडबडगीतांविषयी.